चढ वाढला की वेग उतरवा



पाऊस धरला की आमच्या वालावलमध्ये सकाळचं पळणं अडतं. कर्ली नदीच्या बाजूच्या वाटा निसरड्या होतात, तांबडी माती बुटांना सोडत नाही. मग ज्यांच्या पडवीत ट्रेडमिल आहे ते तिच्यावर चढतात आणि समोर टीव्ही किंवा मोबाइल लावून पडद्यावरच्या रस्त्यावर धावतात. झ्विफ्ट, किनोमॅप, आयफिट ही ॲपं कशी सुरू करायची ते मी सांगत बसणार नाही. घरातली मुलं ते तुमच्याआधी शिकलीत. मला बोलायचंय ते चढाबद्दल. चढ वाढला की वेग उतरवा. हे आज मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका.

आधी एक पक्कं करा, पडद्यावरचा चढ पायाखाली आला आहे की नाही? झ्विफ्टवर धावताना डोंगर दिसतो, कोपऱ्यात ८ टक्के असा आकडा येतो, पण पडद्यावरचा तुमचा धावपटू तुमच्या पट्ट्याच्या वेगानेच पुढे जातो. बुटाला लावलेला सेन्सर पावलांवरून वेग ओळखतो, चढ त्याला कळत नाही. तुम्ही बटण दाबलं नाहीत तर डोंगर फक्त डोळ्यांनी चढलात. याच्या उलट, ॲपची आज्ञा घेणारी मशीन डोंगर आला की स्वतःहून पुढून उचलते. तिथे खरा धोका आहे, कारण वेग आधीचाच राहिला तर छाती भरून येते.

उकड्या तांदळाची पेज चुलीवर ठेवल्यावर आपण काय करतो? ट्रेडमिलवरही तसंच समजा: लाकडं दोन, एक वेगाचं आणि एक चढाचं. पेजेला जाळ दोन्हींचा मिळून लागतो. एक लाकूड आत सारलं की दुसरं थोडं बाहेर ओढावं लागतं, नाहीतर पेज उतू जाते. फेस वर येतोय का ते बघत राहायचं, तो फेस म्हणजे तुमचा श्वास. लाकूड ओढलं तरी निखारा काही वेळ तापवतच राहतो. तसंच चढ उतरवला तरी छातीची धडधड लगेच खाली येत नाही, म्हणून फेस काठाला यायच्या आधीच हात घाला. आणि ॲप आपोआप चढ लावतं तेव्हा काय होतं? शेजारचं माणूस मडक्यात न बघता लाकूड सारत असतं! मडकं तुमचं आहे, लक्ष तुम्हीच ठेवायचं.

आता हिशेब. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं सूत्र व्यायामशाळांत वापरतात. त्याप्रमाणे ताशी ५ किलोमीटरने चालणाऱ्याला सपाटीपेक्षा ५ टक्के चढावर दीडपटीहून जास्त प्राणवायू लागतो, १० टक्क्यांवर दुपटीहून जास्त. सपाटीवर ताशी ८ ने पळणाऱ्याने ५ टक्के चढावर साधारण साडेसहावर यावं, तेव्हा कष्ट सारखे होतात. म्हणजे दीड किलोमीटरने खाली. एवढं उतरायला लाज कसली वाटते तुम्हांला?

हृदयाची ट्रेडमिल टेस्ट तुमच्या घरात कुणीतरी केलीच असेल. डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी सिॲटलमध्ये बसवलेली ती पद्धत १९६३ पासून प्रसिद्ध आहे. ती सुरू होते ताशी २.७ किलोमीटर इतक्या मंद चालीने, पण चढ पहिल्यापासून १० टक्के! दर तीन मिनिटांनी चढ आणि वेग दोन्ही वाढवतात, कारण तिथे हृदयावर ताण आणायचाच असतो. छातीला तारा लावलेल्या असतात, शेजारी डॉक्टर उभे असतात. तुमच्या पडवीत कोण उभं असतं? म्हणून पुन्हा सांगतो, चढ वाढला की वेग उतरवा.

काही जण म्हणतात, १ टक्का चढ ठेवल्याशिवाय ट्रेडमिलवरचं पळणं खरं नाही. ही गोष्ट जोन्स आणि डाउस्ट यांच्या १९९६ च्या अभ्यासातून आली. तो सरावलेल्या, वेगवान धावपटूंवर केलेला होता. बाहेर त्यांना वारा कापावा लागतो, त्याची भरपाई म्हणजे तो १ टक्का. ताशी ७-८ ने पळणाऱ्याला त्याची सक्ती नाही.

आणि तुमचं शून्य तरी खरं शून्य आहे का? पाणी बाहेर जावं म्हणून पडवीला उतार ठेवलेला असतो, म्हणजे मशीन आधीच कललेली. मशीन बंद असताना पट्ट्यावर एक मीटरची सरळ पट्टी लांबीच्या दिशेने ठेवा. जमीन खरोखर सपाट असेल तर दोन टोकांच्या जमिनीपासूनच्या उंचीत जितक्या सेंटीमीटरचा फरक, तितके टक्के. जमीन उतरती असेल तर गवंड्याची लेव्हल आणून आधी मशीन सरळ करून घ्या. हाताने खाच बदलायची साधी मशीन असेल तर तिथला एक, दोन, तीन हा आकडा टक्क्यांचा नाही. खरे टक्के मोजल्याशिवाय कळणार नाहीत.

आणि तो दांडा सोडा बघू! १२ टक्के चढ लावायचा आणि पुढच्या दांड्याला लोंबकळायचं, यात बराच भार हात घेतात आणि पडद्यावरचे आकडे खोटे ठरतात. तोल जात असेल तर धरा, पण मग चढ कमी करा. आयफिटमध्ये व्यायाम चालू असतानाही मशीनवरचं बटण दाबून चढ आपल्या हाती घेता येतो. त्या बटणाची भीती बाळगू नका.

किनोमॅपवर लोक आपल्या गावच्या रस्त्याचे व्हिडिओ जीपीएससह चढवतात. आपल्याकडचा नेरूर-वालावलचा रस्ता कुणी चढवला तर... पण जीपीएसची उंची हलती असते, त्यामुळे मशीन उगाच वरखाली होते, आणि ते कसं सावरायचं हे सांगायला आज वेळ नाही.

उताराचं मात्र सांगून जातो. बहुतेक घरगुती मशीन शून्याच्या खाली जात नाहीत. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढून झाला की तोच उतरायचा असतो, आणि मांड्या भरतात त्या उतरताना. ज्यांना तिथे जायचंय त्यांनी पाऊस उघडताच खऱ्या उतारावर हळूहळू सराव करावा, ॲपवर विसंबू नये. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर चढ लावण्याआधी डॉक्टरांना विचारा. थांबताना आधी चढ शून्यावर आणा, पाच मिनिटं सावकाश चाला, मगच मशीन बंद करा. आणि उद्या सकाळी चढाचं बटण दाबलंत की दुसरा हात लगेच वेगाच्या बटणावर जाऊ द्या.