एकविसाव्या दिवशी

कोंबडी असताना यंत्र कशाला, असं आत्यानं मला विचारलं होतं. प्रश्न बरोबरच होता. गावठी कोंबडी खुडूक झाली की दहा-बारा अंड्यांवर निमूट बसते आणि २१ दिवसांनी पिलं घेऊन अंगणात उतरते. पण खुडूक होणार ती तिच्या मर्जीनं. मला एकदम तीस अंडी उबवायची होती. आणि खरं सांगायचं तर यंत्राची हौस होती.

ही गोष्ट २००७ सालची, साताऱ्याजवळच्या आमच्या गावची. थर्माकोलचं खोकं, ४० वॅटचा बल्ब, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा, थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाटी, एवढाच माझा कारखाना. आतलं तापमान ३७.५ अंशांच्या आसपास ठेवायचं. अंडी आठवड्याहून जुनी नकोत, ती धुवायची नाहीत आणि दिवसातून निदान तीनदा फिरवायची. नाहीतर आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो. एका बाजूला पेन्सिलीनं फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला की चूक होत नाही. कोंबडी हेच काम चोचीनं करते, तिला पेन्सिल लागत नाही, हे आत्यानं ऐकवलंच.

सातव्या रात्री अंधारात एकेक अंडं टॉर्चवर धरून पाहिलं. चांगल्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. पाच अंडी कोरी निघाली, दोनांत नुसतं रक्ताचं कडं होतं. उरली तेवीस.

भारनियमनाचे ते दिवस तुम्हाला आठवत असतील. पंधराव्या दिवशी दुपारी गेलेली वीज रात्रीपर्यंत आली नाही. खोक्याला गोधडी गुंडाळली, भोवती गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या, झाकण उघडलं नाही. थोडा वेळ गारवा अंडी सोसतात, जास्त तापणं मात्र त्यांना सोसत नाही, हे मला माहीत होतं. तरी झोप लागली नाही.

अठराव्या दिवसापासून अंडी फिरवणं बंद. पाण्याची आणखी एक वाटी ठेवली. हवा कोरडी राहिली तर पापुद्रा वाळून पिलाला आवळतो. विसाव्या रात्री आतून चिवचिव ऐकू आली आणि सकाळी पहिलं कवच फुटलं.

संध्याकाळपर्यंत पंधरा पिलं बाहेर आली. दोन अंड्यांना मात्र सकाळपासून तेवढंच भोक होतं. मला राहवलं नाही. एक अंडं काढून नखानं कवच सोलू लागलो. तिसऱ्याच टवक्याला बोटाला रक्त लागलं. पापुद्र्यातल्या शिरांचं रक्त तेव्हा पिलाच्या अंगात जात असतं, बलक पोटात ओढला जात असतो, आणि भोक पडल्यावर या कामाला एक अख्खा दिवसही लागू शकतो. हे मी नंतर वाचलं. पिलू तासाभरात गेलं.

‘‘अरे, ते अडकलं नव्हतं, दम खात होतं,’’ आत्या म्हणाली. दुसऱ्याला मी हात लावला नाही. ते पहाटे आपसूक बाहेर आलं. त्याच्या मागून आणखी एक. एकूण सतरा.

पोटात ओढलेल्या बलकावर पिलू दोन दिवस सहज काढतं, म्हणून अंग सुकेपर्यंत ते यंत्रातच राहू द्यावं. नंतर भाताच्या तुसावर, बल्बखाली ठेवावं. वर्तमानपत्र अंथरू नये; गुळगुळीत कागदावर पाय फाकतात. पहिला आठवडा ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पण थर्मामीटरपेक्षा पिलांकडे पाहावं. बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील तर थंडी वाजतेय; कडेला पळून चोच उघडी टाकत असतील तर उकडतंय. पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे टाकून द्यावं, नाहीतर पिलं बुडतात. पहिल्यांदा चोच पाण्यात बुडवून दाखवावी लागते. आई नसते ना शिकवायला. सोबत मक्याचा बारीक भरडा. पहिल्या आठवड्यात मानमोडीच्या लसीचा थेंब डोळ्यात घालायला विसरू नये.

दुसऱ्या खेपेला अठराव्या दिवशी मी झाकण सुतळीनं बांधून टाकलं. एकविसाव्या दिवशी माझ्या फेऱ्या वाढल्या, तेव्हा आत्या खोक्याशेजारीच पाट टाकून शेंगा सोलत बसली होती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)