पायांचा घसारा

(श्रीवर्धन येथे वाडीमालक व वाडीमजूर यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थशास्त्र शिकवण्यात माझे आयुष्य गेले. त्या शास्त्रात घसारा नावाची एक संकल्पना आहे. यंत्र वापराने झिजते, म्हणून त्या झिजेची तरतूद दरवर्षी हिशेबात करावी लागते. वाडीतल्या पंपाचीही ती होते. परंतु ज्या माणसाच्या पायांवर वाडीचे उत्पन्न उभे आहे, त्याच्या पायांचा घसारा कोणाच्या वहीत लिहिला जातो?

पोफळीवरून पडून कणा मोडलेला एक गडी माझ्या ओळखीचा आहे. विजेच्या साहाय्याने लुळ्या पायांनी चालवायच्या सायकलीचे चित्र मी त्याला दाखवले, तेव्हा त्याने विचारले, "सर, ह्यानं मी चालेन का?" मी म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "मग उपयोग काय?" त्याचा प्रश्न रास्त होता. आजचे भाषण हे त्याचे उत्तर आहे.

मज्जारज्जूला इजा झाली की मेंदूची आज्ञा पायांपर्यंत पोहोचत नाही. ही झाली पहिली हानी. तिच्यामागून दुसरी येते, ती संथपणे. न वापरलेले स्नायू वाळतात, हाडे ठिसूळ होतात, रक्ताभिसरण मंदावते, अंथरुणाला टेकलेल्या भागी जखमा होतात. अपघातातून वाचलेला माणूस पुष्कळदा त्या जखमांच्या विषाने जातो.

ही दुसरी हानी काही अंशी रोखता येते. इजा झालेल्या जागेच्या खाली पुष्कळांच्या नसा जिवंत असतात. अठराव्या शतकात गॅल्व्हानी ह्या इटालियन शास्त्रज्ञाने मृत बेडकाचा पाय विजेने हलवून दाखवला होता. त्याच तत्त्वावर १९८० च्या दशकात अमेरिकेत जेरॉल्ड पेट्रोफ्स्की यांनी संगणकाच्या मदतीने लुळ्या पायांकडून सायकल चालवून घेतली. मांड्यांवर व नितंबांवर पट्ट्या चिकटवतात. पायडल कोठे आले आहे हे पाहून संगणक नेमक्या क्षणी नेमक्या स्नायूला वीज पुरवतो. स्नायू आखडतो आणि पायडल फिरते. २०१६ साली झुरिच येथे अशा सायकलींची शर्यतही झाली.

हा चमत्कार नव्हे. कण्याच्या शेवटाकडील नसाच तुटल्या असतील, तर स्नायू ह्या विजेला दाद देत नाहीत. इजा छातीच्या वरच्या भागात वा मानेत असेल, तर रक्तदाब एकाएकी भडकू शकतो. हाडे फार ठिसूळ असतील तर ती मोडू शकतात. म्हणून डॉक्टरांच्या तपासणीवाचून हे करू नये. व्यायाम थांबला की लाभही ओसरतो. पण ज्यांना हा उपाय मानवतो, त्यांच्या स्नायूंत मांस भरते, रक्त खेळते, दम वाढतो.

आता खर्चाकडे येऊ. यंत्राची किंमत लाखांत आहे. मजुराने ते घेण्याचा प्रश्नच नाही. पण एका माणसाला ते आठवड्यातून तीन तास लागते. रोज सहा तास, आठवड्यातून सहा दिवस ते चालवले, तर एका यंत्रावर बारा माणसांची सोय होते. सामायिक मालकीचे याहून सोपे गणित मी वर्गातही शिकवले नाही. अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात एक यंत्र हवे. आणि मधल्या खाड्या ओलांडून खाटेवरचा माणूस आठवड्यातून तीनदा तेथे जाऊ शकत नाही, म्हणून दुसरे आपल्या दक्षिण भागात हवे.

जवानांसाठी खडकीला १९७४ साली पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले, ते योग्यच झाले. शेतकऱ्याच्या अपघाताला राज्यशासन अनुदान देते, पण ते सातबाऱ्यावर नाव असलेल्या घराला. ज्याचे नाव कोणत्याच सातबाऱ्यावर नाही आणि जो दुसऱ्याच्या झाडावर चढतो, त्याचे काय? ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात पडलेल्या झाडांचे पंचनामे झाले. झाडावरून पडलेल्या माणसाचा पंचनामा कोण करणार?

म्हणून वाडीमालकांना माझी विनंती आहे की, झाडावर चढणाऱ्याचा विमा खताच्या खर्चाबरोबर लिहा. मजुरांना सांगणे आहे की, ह्या यंत्राची मागणी दया म्हणून मांडू नका, थकलेले देणे म्हणून मांडा. त्या गड्याला मी हेच सांगितले : तू चालणार नाहीस, पण तुझे पाय वाळू द्यायचे की नाहीत, हे आपण सर्वांनी ठरवायचे आहे.