दम केव्हा लागला, ते लिहा



मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि सांगायची गोष्ट एकच आहे. ती आधीच सांगतो, म्हणजे कुणाला मधेच उठावं लागलं तरी ती सुटायला नको. दवाखान्यात धाप लागलेला माणूस आला, की रजिस्टरमध्ये दोन गोष्टी लिहा. दम कोणत्या तारखेला, किती वाजता सुरू झाला. आणि त्या वेळी तो माणूस कोणत्या गावात, कोणत्या वावरात होता. एवढंच.

तुम्ही म्हणाल, विषय दिला उपग्रहांचा आणि हे रजिस्टरचं काय काढलं? सांगतो. मी तीस-बत्तीस वर्षं आरोग्य खात्यात काढली, आधी आरोग्य सेवक म्हणून, मग आरोग्य सहायक म्हणून. निवृत्त झाल्यावर भाच्यानं कॉम्प्युटरवर एक नकाशा उघडून दाखवला. आपला वर्धा जिल्हा आणि त्यावर आदल्या दिवशी कुठे आग दिसली त्याचे लाल ठिपके. आर्वीकडे तीन, कारंजाकडे पाच, समुद्रपूरच्या खाली दोन. पैसे नाहीत, परवानगी नाही, कुणीही बघावं. मी त्या रात्री झोपलो नाही. माझ्या डोळ्यांपुढे आमची जुनी रजिस्टरं येत होती.

वर काय काय फिरतंय ते थोडक्यात सांगतो. युरोपचा सेंटिनेल-५पी नावाचा उपग्रह ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडला. तो नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड मोजतो. त्याचा एक चौकोन साधारण साडेपाच किलोमीटर लांब आणि साडेतीन रुंद. आपला जिल्हा ६,३०९ चौरस किलोमीटरचा, म्हणजे वर्ध्याचे सव्वातीनशेच्या आसपास चौकोन तो जवळजवळ रोज टिपतो. आग टिपणारे अमेरिकेचे उपग्रह निराळे, आणि आपल्या इस्रोचा इन्सॅट तर एकाच जागी उभा राहून अर्ध्या अर्ध्या तासाला भारताकडे बघतो. जाड नजरेनं, पण बघतो. दिल्लीच्या आयआयटीतल्या लोकांनी उपग्रहांच्या नोंदींवरून २००० ते २०१९ अशा वीस वर्षांचा, एकेका किलोमीटरचा, पीएम २.५ चा, म्हणजे सूक्ष्म धुळीचा, हिशेब मांडला आहे. त्यात देवळी आहे, सेलू आहे, आष्टी आहे.

हे आपल्यासाठी का महत्त्वाचं? राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्याच्या शहरांच्या यादीत नागपूर आहे, चंद्रपूर आहे, अमरावती आहे. तिन्ही आपले शेजारी. वर्धा मध्ये बसलेलं, आणि यादीत नाही. हवा मोजणारी महागडी यंत्रं आधी शहरांच्या चौकात जातात, खेड्याच्या पारावर येत नाहीत. तिथे वरून बघणाऱ्या डोळ्यावरच भिस्त.

पण तो डोळा काय बघतो आणि काय बघत नाही, हे नीट समजून घ्या. इथेच लोकांची गफलत होते.

चुलीवर दुधाचं पातेलं ठेवलंय. तुम्ही वरून बघताय. तुम्हाला काय दिसतं? साय. तळाशी दूध लागलंय का, करपतंय का, ते वरून दिसत नाही. त्यासाठी पळी तळापर्यंत घालावी लागते. उपग्रहाचं असंच आहे. तो जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेतून आरपार बघतो आणि एकूण किती धूसर आहे ते सांगतो. उन्हाळ्यात लांबून आलेली धूळ खूप उंचावरून जाते, तेव्हा साय जाड दिसते आणि तळ बरा असतो. थंडीत उलट होतं. रात्री जमिनीजवळची हवा गार पडते, धूर वर चढत नाही, घरांच्या उंचीवर साचून राहतो. साय पातळ, आणि तळ करपलेला. आणि श्रोतेहो, आपण राहतो ते तळाशी.

अजून एक. यातले बरेचसे उपग्रह आपल्यावरून जातात ते दुपारी दीडच्या सुमारास. त्या वेळेपर्यंत उन्हानं जमीन तापलेली असते, हवा वरखाली झालेली असते, रात्रीचा साचलेला धूर पांगलेला असतो. म्हणजे दूध नुकतंच ढवळून झालंय, तेव्हा हा पाहुणा पातेल्यात डोकावतो. पहाटे पाचला तळाशी काय होतं, ते त्याला माहीत नाही. पावसाळ्यात तर पातेल्यावर वाफच वाफ. ढगांतून त्याला खालची धूळ दिसत नाही.

जमिनीवरचं यंत्र म्हणजे पळी. ती आपल्याकडे पुरेशी नाही. मग करपल्याचं पहिल्यांदा कुणाला कळतं? घरातल्या माणसाच्या नाकाला. आपल्या गावात ते नाक म्हणजे दम्याची आजी, घरघर करणारं तान्हं मूल, बाळंतपणाला टेकलेली सून. त्यांना केव्हा त्रास झाला हे लिहिलं असेल, तर वरच्या सायीचा आणि खालच्या करपण्याचा मेळ घालता येतो. म्हणून म्हणतो, तारीख, वेळ, जागा लिहा.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती मी वर्षानुवर्षं केली. एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो. फेब्रुवारीतला दिवस. एक म्हातारी बाकावर दोन्ही हात टेकून, खांदे वर ओढून बसली होती. प्रत्येक श्वासाला गळ्याजवळची कातडी आत जात होती. मी विचारलं, "आजी, केव्हापासून?" ती म्हणाली, "परवा सांजेपासून बापू. शेजारच्या वावरात पऱ्हाटी जाळली ना, तवापासून मले दम भरला." डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, आणि मी रजिस्टरमध्ये लिहिलं : वय ६५, स्त्री, श्वास. तारीख त्या दिवशीची. परवाची संध्याकाळ गेली, पऱ्हाटी गेली, वावर गेलं. ती म्हातारी मंगळवारी आली होती, कारण मंगळवारी तिथे बाजार भरायचा आणि येण्याजाण्याला गाडी मिळायची. पुढे मी जुनी पानं चाळली, तर दम्याचे पेशंट मंगळवारीच जास्त. आता त्या रजिस्टरवरून कुणी अभ्यास करू म्हटलं, तर त्याला बाजार सापडेल, धूर सापडणार नाही.

हे जोडून बघता येतं का? येतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या बायकांचं रक्त तपासलं होतं. कोणती बाई कोणत्या जिल्ह्यातली ते लिहिलेलं होतं. त्या आकड्यांना उपग्रहावरून काढलेले सूक्ष्म धुळीचे आकडे जोडून संशोधकांनी दाखवलं, की जिथे ही धूळ जास्त तिथे बायकांमधला रक्तक्षयही जास्त. रक्तक्षय! आपण लोहाच्या गोळ्या वाटत राहिलो, हवेकडे कुणी बघितलं नाही. हे कळलं कशामुळे? खालच्या नोंदीत जागा लिहिली होती म्हणून.

आणि हे किती मोठं आहे? लॅन्सेटच्या अभ्यासात २०१९ या एका वर्षात भारतात हवेच्या प्रदूषणाशी जोडलेले सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू मोजले. त्यातले ६ लाखांवर घरातल्या चुलीच्या धुराचे. चुलीचा धूर म्हटला की मला मगनवाडी आठवते. याच वर्ध्यात बिनधुराची मगन चूल घडली. बाईच्या डोळ्यांतला धूर हा देशाचा प्रश्न आहे, हे ज्या गावाला तेव्हा कळलं, त्या गावानं आज हवेच्या बाबतीत मागे राहू नये असं मला फार वाटतं. चुलीवर मी एक वेगळं भाषण देऊ शकेन, आज वेळ नाही.

पऱ्हाटीकडे, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांकडे येतो. शेतकरी ती हौसेनं जाळत नाही. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भाचं काय केलं ते सगळ्यांना आठवतं. ती पुन्हा येऊ नये म्हणून फरदड, म्हणजे हंगामानंतरचं उभं पीक, ठेवू नका, पऱ्हाट्या काढा, हे कृषी खातंच सांगतं, आणि ते बरोबर आहे. काढलेल्या पऱ्हाट्यांचं करायचं काय? बारीक करणारं यंत्र वेळेवर मिळत नाही, मजूर मिळत नाही. मग काडी लावतात. आणि लावतात केव्हा? संध्याकाळी, वारा पडल्यावर, आग धुऱ्यापलीकडे जाऊ नये म्हणून. शहाणपणाचीच वेळ आहे ती. पण दुपारी दीडचा उपग्रह तेव्हा निघून गेलेला असतो. पुन्हा जातो रात्री दीडला, तोवर ढिगाची राख झालेली असते. पंजाबातही हेच घडलं. नेहमीच्या उपग्रहांना आगी कमी दिसू लागल्या, आणि एका जागी उभ्या असलेल्या कोरियाच्या उपग्रहावरून पाहिलं तर जाळण्याची वेळ पुढे सरकलेली. म्हणजे नकाशावर लाल ठिपका नाही म्हणून धूर नव्हता असं समजू नका. ठिपका नसलेल्या संध्याकाळची साक्ष फक्त तुमचं रजिस्टर देऊ शकतं. हे पुन्हा सांगतो, कारण इथेच माझं सगळं म्हणणं आहे : उपग्रहाला दिसली नाही ती आग आजीच्या छातीला कळते, आणि ती तारीख आपण कागदावर येऊ देत नाही.

आशाताईंनो, तुमच्यावर कामाचा बोजा किती ते मला ठाऊक आहे. वीस नमुने भरता, त्यात हा एकविसावा नको म्हणाल. नवा नमुना मागतच नाही मी. तुमच्या वहीत शेऱ्याची जागा असते, तिथे "नीट नाही" किंवा "दम" एवढं लिहून सोडता, त्याबद्दल मात्र मी रागावणार आहे. तिथे "सोमवार, संध्याकाळी सात, नाल्याकडचं वावर" हे चार-पाच शब्द लिहायला किती वेळ लागतो?

सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयाला मी हात जोडून विनंती करतो. सुशीला नय्यरांनी १९६९ मध्ये ते सुरू केलं तेच खेड्यासाठी. तिथली प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, विद्यार्थी घरोघरी जातात, आपापली कुटुंबं वर्षानुवर्षं बघतात. इतकी चांगली पळी कुणाकडे आहे? एका गावात एक हिवाळा दम्याची तारीख-वेळ लिहा आणि आकाशातल्या नकाशाशी लावून बघा. एकच हिवाळा.

आणि वरून दिसलेल्या आगीचा निरोप खाली पोचवता येत नाही असं कुणी सांगू नये. बोरच्या जंगलाचं बघा. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहावरून वणवे बघते आहे. आज आग दिसली की वन कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर संदेश जातो, अमुक ठिकाणी जा. सागाला, मोहाला ही सोय मिळाली, फार चांगलं झालं. मग धूर वाऱ्यानं ज्या गावाकडे निघाला, तिथल्या आशाताईला संदेश का जाऊ नये, की आज रात्री दम्याच्या माणसांना आत झोपवा, पंप जवळ ठेवा, तान्ह्यांकडे बघा? यासाठी नवा उपग्रह लागत नाही. मधली तार जोडायची आहे, आणि ती तार जिल्हा परिषदेत, कलेक्टर कचेरीत...

वेळ संपत आल्याची खूण झाली. हिंगणघाटच्या जिनिंगमधल्या कापसाच्या धुळीचं राहिलंच. ती टिनाच्या छपराखाली उडते, तिला कोणताही उपग्रह बघू शकत नाही. तिथला मजूर सुटीनंतर कामावर आला की पहिल्याच दिवशी त्याची छाती आवळते, मग दोन-चार दिवसांनी सैल होते, म्हणून तो दवाखान्यात येतच नाही. त्याला वार विचारा. कोणत्या वारी छाती आवळली, हे विचारा आणि लिहून ठेवा. बाकीचं पुढच्या वेळी, बोलावलंत तर.