मतदारांचा हजेरीपट
(नभोवाणीवरील भाषण)



नंदुरबारच्या शाळांतून हजेरीपट हाती घेऊन उभे राहण्यात माझे आयुष्य गेले. या पटाचा एक नियम लहान मुलासही ठाऊक असतो: ज्याचे नाव पटावर नाही, तो वर्गात बसला असला तरी हजर धरला जात नाही. नागरिकांचाही असाच एक पट आहे. त्यास मतदारयादी म्हणतात. नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत या आपल्या दारच्या निवडणुकांत त्या पटाचे महत्त्व काय, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम माझीच चूक सांगतो. शिक्षक या नात्याने मी कित्येक निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केले आणि शेकडो लोकांची नावे यादीत शोधून दिली. परंतु जुन्या गावातील भाड्याचे घर सोडून नव्या वसाहतीत राहावयास गेलो, तेव्हा स्वतःचे नाव तिकडे नेण्याचे मला सुचले नाही. विधानसभेच्या वेळी काही अडले नाही. दोन्ही घरे एकाच मतदारसंघात होती. पुढे नगरपालिकेची निवडणूक आली. आमच्या वसाहतीत पावसाळ्यात गटाराचे पाणी ओट्यापर्यंत चढे. एक उमेदवार दारी आले, तेव्हा मी त्यांस त्याविषयी बरेच सुनावले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, हातातील यादी चाळली आणि नम्रपणे म्हटले, "गुरुजी, आपलं नाव आमच्या प्रभागात नाही."

मी निरुत्तर झालो. माझे मत शाबूत होते, पण ते सोडून आलेल्या गल्लीचे होते. घरपट्टी मी येथे भरीत होतो आणि प्रतिनिधी मात्र तेथला निवडणार होतो!

स्थानिक निवडणुकीचे हे वैशिष्ट्य पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तिच्यासाठी निराळी नावनोंदणी होत नसते. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची ठराविक तारखेची यादी घेतो आणि तिचे प्रभागवार भाग पाडतो. त्या वेळी नवे नाव घालता येत नाही, की पत्ताही बदलता येत नाही. २ डिसेंबर २०२५ रोजी राज्यातील नगरपरिषदांसाठी मतदान झाले. त्यास १ जुलै २०२५ ची यादी घेतली होती. प्रचाराचे कर्णे वाजू लागल्यावर जे जागे झाले, त्यांस फार उशीर झाला होता.

दुसरा एक गोड गैरसमज आहे. खिशात कार्ड आहे, म्हणजे यादीत नाव असलेच पाहिजे! आपल्याच जिल्ह्यातील टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले, याचा आपणांस अभिमान आहे. परंतु आधारपत्र ओळख पटविते, मताचा अधिकार देत नाही. किंबहुना मतदार ओळखपत्र जवळ असूनही यादीत नाव नसेल, तर परत फिरावे लागते.

"एका मताने काय व्हायचे आहे, गुरुजी?" असे शेजारी विचारतात. २०१७ साली मुंबई महानगरपालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात दोन उमेदवारांस अगदी सारखी मते पडली आणि निकाल चिठ्ठी टाकून लावावा लागला. त्या प्रभागातील जो गृहस्थ त्या दिवशी घरी स्वस्थ बसला, त्याने आपला निर्णय एका चिठ्ठीच्या स्वाधीन केला.

आता सातपुड्याकडे पाहा. राज्यातील विधानसभेचा क्रमांक १ चा मतदारसंघ म्हणजे आपला अक्कलकुवा, आणि त्यातील पहिले मतदान केंद्र नर्मदाकाठचे मणिबेली. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे तेथे मतदानाचे सामान व कर्मचारी नावेतून न्यावे लागतात. जेथे मतपेटीला पाणी ओलांडावे लागते, तेथील आदिवासी बंधुभगिनी मत देतात. आणि ज्यांच्या घरापासून केंद्र हाकेच्या अंतरावर, ते आम्ही सुशिक्षित त्या दिवशी सुटीचा बेत आखतो! याची लाज वाटावयास नको काय?

९ सप्टेंबर १९४२ रोजी याच नंदुरबारात शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गोळीबारास बळी पडले. शिरीषकुमार अवघा १५ वर्षांचा होता. त्या काळी मताचा अधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या मापाने मोजून दिला जाई. बहुसंख्य प्रौढ माणसांस तो नव्हताच. आज १८ वर्षे पुरी झालेल्या प्रत्येक नागरिकास तो आहे. त्यांच्या स्मारकास आपण दरवर्षी हार घालतो. पण स्वतःचे नाव यादीत पाहावयास आपल्याला सवड नसते.

तेव्हा एक विनंती करतो. आज रात्री जेवणे आटोपल्यावर घरातील सर्वांची नावे एका कागदावर लिहा. मुलगा १८ वर्षांचा झाला आहे काय? त्याच्यासाठी नमुना ६ भरा. सूनबाईंचे नाव अजून माहेरच्या यादीत आहे काय? घर बदलले आहे काय? त्यासाठी नमुना ८ आहे. घरातील कोणी वडीलधारे निवर्तले असतील, तर नमुना ७ भरून त्यांचे नाव कमी करवून घ्या. तहसील कचेरीत अथवा आपल्या भागाच्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडे हे काम होते.

माझे नाव आता माझ्या वसाहतीच्या यादीत आहे. गटाराचे काम अद्याप अर्धेच झाले आहे. परंतु त्याविषयी बोलावयास गेलो, म्हणजे यादी चाळून मला कोणी गप्प बसवू शकत नाही.