हिराकस हिरवे घ्यावे की तांबूस?



चुनखडीच्या जमिनीत भुईमुगाचा शेंडा पिवळा पडतो. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. ही लोहाची कमतरता. वास्तविक माती तांबडी असो वा काळी, तिच्यात लोह पुष्कळ असते. मग पीक उपाशी का राहते?

याचे उत्तर लोहाच्या ऑक्सिडीकरण अंकात आहे. नाव जड असले तरी हे गणित आपल्या जमाखर्चासारखेच आहे. अणूने इलेक्ट्रॉन दिले असे मानले तर अंक अधिक, घेतले असे मानले तर उणे. चार नियम लक्षात ठेवा. सुट्या मूलद्रव्याचा अंक शून्य. संयुगात ऑक्सिजनचा बहुधा उणे २. हायड्रोजनचा बहुधा अधिक १. आणि संपूर्ण संयुगाची बेरीज शून्य.

प्रथम गंधकाम्ल घेऊ. त्यात हायड्रोजनचे २ अणू, गंधकाचा १ व ऑक्सिजनचे ४. हायड्रोजनचे अधिक २, ऑक्सिजनचे उणे ८. बेरीज शून्य येण्यासाठी गंधकाचा अंक अधिक ६ हवा. म्हणजे गंधक व ४ ऑक्सिजन मिळून होणाऱ्या सल्फेट गटाचा भार उणे २.

आता हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. त्यात लोहाचा १ अणू व १ सल्फेट गट. सल्फेटचे उणे २, म्हणून लोहाचा अंक अधिक २. खड्यातील पाण्याची बेरीज शून्यच असते, त्यामुळे हिशेब बदलत नाही.

शेवटी फेरिक ऑक्साइड. लोहाचे २ अणू, ऑक्सिजनचे ३. ऑक्सिजनचे उणे ६, म्हणून दोन लोहांचे मिळून अधिक ६, प्रत्येकी अधिक ३.

या एका अंकाच्या फरकात सारे आहे. भुईमुगाची मुळे लोह अधिक २ या रूपात आत घेतात. अधिक ३ चे लोह चुनखडीच्या जमिनीत जवळजवळ विरघळत नाही. हिराकस अशा जमिनीत टाकले, तर हवेच्या संपर्काने तेही लवकरच अधिक ३ होते आणि पैसा मातीत जातो. म्हणून पानांवर फवारणी करावी.

खरेदी करताना नीलसर हिरवे खडे पाहून घ्या. पिवळसर-तपकिरी भुकटी झालेल्या मालातील बरेचसे लोह अधिक ३ झालेले असते. १० लिटर स्वच्छ पाण्यात आधी १० ग्रॅम सायट्रिक आम्ल, मग ५० ग्रॅम हिराकस विरघळवा आणि द्रावण गाळून घ्या. सायट्रिक आम्लामुळे लोह विरघळलेले राहते. द्रावण त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारा. प्रथम दोन-चार ओळींवर फवारून पाने करपत नाहीत याची खात्री करा. पिवळेपणा राहिल्यास १० ते १५ दिवसांनी पुन्हा फवारा.

दुकानात पिशवी उघडून रंग पाहण्यास संकोच करू नका. तो रंग म्हणजेच लोहाचा अंक आहे.