भूल देणारा वैद्य



शस्त्रक्रियेनंतर बरा होऊन घरीं परतणारा रोगी शस्त्रवैद्याचे आभार मानतो, परिचारिकेलाही दुवा देतो. परंतु ज्यानें त्याला भूल दिली त्याचें नांव बहुधा त्याला ठाऊकही नसतें. असें असतां वैद्यकाचे पदवीधर आणखी तीन वर्षें अभ्यास करून हीच शाखा कां पत्करतात, असा प्रश्न पुष्कळ वडीलधाऱ्यांना पडतो. त्याचें एक उत्तर अमेरिकेंतील डॉक्टर व्हर्जिनिया ॲपगार ह्यांच्या चरित्रांत सांपडतें.

१९३३ सालीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतून त्या डॉक्टर झाल्या आणि शस्त्रक्रियेचें शिक्षण घेऊं लागल्या. तेथील प्रमुख शस्त्रवैद्य ॲलन व्हिपल ह्यांनीं मात्र त्यांना भूलशास्त्राकडे वळण्याचा सल्ला दिला. मंदीच्या त्या दिवसांत स्त्रीनें शस्त्रवैद्य म्हणून चरितार्थ चालविणें कठीण, हें एक कारण. भूल देण्याची विद्या सुधारल्यावांचून शस्त्रक्रियेचें पाऊल पुढें पडणार नाहीं, हें दुसरें. त्या काळीं तेथें हें काम बहुतांशीं परिचारिका करीत आणि डॉक्टरांत त्याला प्रतिष्ठा नव्हती. तरीही बाईंनीं तें मनापासून शिकून घेतलें. १९४९ सालीं त्या त्याच विषयाच्या प्राध्यापक झाल्या.

ह्या विद्येचें आकर्षण तरी काय? इतर वैद्यांना औषधाचा गुण पाहण्यासाठीं अनेकदां दिवसचे दिवस थांबावें लागतें. येथें तो क्षणाक्षणाला नाडींत, रक्तदाबांत आणि श्वासांत दिसतो. शिवाय बेशुद्ध माणूस स्वतःची तक्रार सांगूं शकत नाहीं. त्याचा श्वास मंदावला, तर तो दुसऱ्यानेंच ओळखला पाहिजे, आणि तोही तत्काळ.

ही ओळखण्याची दृष्टि बाईंनीं प्रसूतिगृहांत नेली. नवजात अर्भकालाही बोलतां येत नाहीं. १९५३ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या पद्धतीप्रमाणें जन्मानंतर एका मिनिटानें हृदयाची गति, श्वास, स्नायूंचा ताण, प्रतिक्रिया आणि वर्ण ह्या ५ लक्षणांना प्रत्येकीं ० ते २ गुण देतात. एकूण गुण कमी भरले, तर मूल धोक्यांत आहे हें तेव्हांच कळतें. पुढें ५ मिनिटांनींही तपासणी करण्याचा प्रघात पडला. आज जगभर प्रसूतिगृहांत हे गुण मांडले जातात.

घरांतील एखाद्या पदवीधर मुलीनें ही शाखा निवडली, तर ‘शस्त्रवैद्य कां नाहीं झालीस?’ असें विचारण्यापूर्वीं वडीलधाऱ्यांनीं एवढें अवश्य आठवावें: शस्त्रवैद्याची दृष्टि जखमेवर खिळलेली असतां रोग्याच्या श्वासावर जिची दृष्टि असते, ती हीच.