सही होण्याआधीचा प्रश्न

आज विधी शाखेची पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण स्नेह्यांनो,

नागपुरात, दीक्षान्त समारंभात, ‘दीक्षा’ हा शब्द उच्चारला की मन आपोआप दीक्षाभूमीकडे वळतं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी तिथे जनसागरापुढे बौद्ध धम्माची दीक्षा घेणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होते आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्रीही. त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सिद्धार्थाने घर का सोडलं, याची वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहिल्याची रूढ कथा बाबासाहेबांनी त्यात बाजूला ठेवली. त्यांनी सांगितलेलं कारण वेगळं आहे. ते कारण म्हणजे पाण्याचा तंटा.

शाक्य आणि कोलिय यांच्या सीमेवरून रोहिणी नदी वाहत होती. शेती दोघांचीही तिच्याच पाण्यावर. आधी पाणी कुणी घ्यायचं यावरून हाणामारी झाली आणि शाक्यांच्या संघात युद्धाचा ठराव आला. अठ्ठावीस वर्षांचा सिद्धार्थ विरोधाला उभा राहिला. त्याने सुचवलं, की आपण आपली दोन माणसं निवडू, कोलियांनी त्यांची दोन निवडावीत, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. संघाने ही सूचना मोठ्या बहुमताने फेटाळली. विरोधाची किंमत म्हणून सिद्धार्थाला देश सोडावा लागला. पुढे त्याच्या कानावर बातमी आली, की दोन्ही बाजूंनी युद्धाचा नाद सोडला आहे आणि रोहिणीच्या पाण्याचे तंटे सोडवायला कायमचं लवाद मंडळ नेमायचं ठरवलं आहे.

ही कथा मी अनेकदा वाचली. वकिली करता करता तिच्यातल्या एका तपशिलाने मला धरून ठेवलं. आपले दोन आणि त्यांचेही दोनच. कोणाकडे फौज किती, कोणाचा दरारा किती, याचा हिशोब त्या सूचनेत नाही. समेटाला बसायचं तर आधी बरोबरीने बसायचं. आज मला तुम्हाला एवढीच एक गोष्ट सांगायची आहे. बरोबरी नसलेली तडजोड न्याय देत नाही. ती बलवानाला हवा तसा निकाल देते, फक्त त्यावर दुबळ्याची सही असते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी विदर्भातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी लोकअदालत होती आणि मी पॅनलवर बसलो होतो. शेतीच्या वाटणीचा दावा समोर आला. दोघे भाऊ आणि एक बहीण. भावांचं आपसांत जमलं होतं. बहीण म्हणाली, मला काही नको, भावांकडे साडी-चोळीला येणं-जाणं राहिलं तरी पुरे. आम्हाला सर्वांनाच बरं वाटलं. कागद तयार झाला, तिने अंगठ्याच्या जागी मोठ्या कष्टाने शिकलेली सही केली. भाऊ पाया पडले. प्रकरण निकाली निघालं. दुपारी व्हरांड्यात ती माझ्यापाशी थबकली आणि हळूच म्हणाली, “साहेब, मी नाही म्हटलं असतं तर चाललं असतं का जी?”

माझ्याकडे उत्तर होतं. हिंदू वारसा कायद्याने १९५६ मध्येच मुलीला वडिलांच्या मिळकतीत वारस मानलं होतं. वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीला आणायची सुरुवात महाराष्ट्रात १९९४ साली झाली आणि २००५ मध्ये संसदेने ती पूर्ण केली. हे सगळं मला तोंडपाठ होतं. पण ते तिला सांगायची वेळ सहीच्या आधीची होती, आणि ती माझ्या हातून निसटली होती. विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसतं. वर्षानुवर्षं पेश्यांना खेटे घालून थकलेल्या माणसासाठी ही तरतूद वरदान आहे. भरलेली कोर्ट फीही परत मिळते. पण न समजता सही करणाऱ्यासाठी तेच दार कायमचं बंद होतं. त्या बाईचं दार बंद होताना मी समोर बसलो होतो. ही खंत माझ्या मनातून गेलेली नाही.

संमती म्हणजे काय, हे याच नागपूरच्या खंडपीठाने एकदा फार स्पष्टपणे सांगितलं होतं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं. नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीपोटी हतबल होऊन गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं खंडपीठाने म्हटलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना पुन्हा मुक्त केलं. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ साली कायदा बदलला. असे गुन्हे तडजोडीच्या टेबलावर येऊच शकत नाहीत, येऊ देऊ नका. पण त्या निकालातलं तत्त्व दिवाणी कागदालाही लागू पडतं. माणूस गप्प आहे, म्हणजे तो राजी आहे, असं समजू नका.

मग दुबळ्याला बरोबरीला आणायचं कसं? त्याचं उत्तर म्हणजे मोफत विधी सहाय्य. म्हणून मी तडजोड आणि विधी सहाय्य यांना दोन योजना मानत नाही. दुसऱ्याशिवाय पहिलं लंगडं आहे. १९७६ मध्ये संविधानात अनुच्छेद ३९-अ आला. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण अधिनियम ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्याच्या कलम १२ ची यादी पाहा. स्त्रिया, बालकं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार, आपत्तीग्रस्त, कोठडीतली माणसं. यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. तालुक्याला विधी सेवा समिती, जिल्ह्याला प्राधिकरण, इथे उच्च न्यायालयात उपसमिती आणि फोनवर १५१००. त्या बहिणीला एक पैसा न देता स्वतःचा वकील मिळाला असता. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पदवीच्या दिवशी एका खटल्याची आठवण करून देतो. १९७८ चा होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. आरोपी विद्यापीठातला अध्यापक होता आणि आरोप होता विद्यापीठाच्या बनावट पदव्या तयार करण्याच्या प्रयत्नाचा. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत तुरुंगात आपल्या हाती पडली नाही, असं त्याचं म्हणणं होतं. शिक्षा भोगून झाल्यावर, चार वर्षांहून अधिक उशिराने तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली, पण कैद्याला निकालाची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकील नसेल तर तो शासनाने दिला पाहिजे, असं ठरवून दिलं. पदवीचीच फसवणूक करू पाहणाऱ्याला जो हक्क नाकारता येत नाही, तो निरपराध कास्तकाराला माहीत नसावा, याची जबाबदारी खऱ्या पदवीधरांवर येते.

समेटाला मी कमी लेखत नाही. तुमच्याकडे येणारे निम्मे तंटे धुऱ्याचे, पांदणीचे, सामाईक विहिरीचे, पोटगीचे असतील. तिथे खटला जिंकूनही शेजारी तोच राहतो. राज्य शासनाने जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आणली. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं बारा वर्षांहून अधिक चाललं असेल, तर अदलाबदलीच्या दस्ताला एक हजार रुपये मुद्रांक शुल्क आणि एक हजार नोंदणी फी. दोन पिढ्यांचं वैर दोन हजारांत मिटू शकतं. २०२३ च्याच मध्यस्थी कायद्याने मध्यस्थाला निकाल लादायचा अधिकार दिलेला नाही, चर्चा गोपनीय ठेवली आहे आणि कोणते वाद मध्यस्थीला योग्य नाहीत याची यादीही दिली आहे.

२००७ साली १५ ऑगस्टला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातला तंटा गावातच मिटावा, ही भावना चांगली आहे. पण त्याच गावातल्या संकुचितपणावर बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत केलेली कठोर टीकाही विसरू नका. चावडीवर कोण खुर्चीवर आहे, कोण उभं आहे आणि कोणाला बोलावलंच नाही, हे पाहणारा एक तरी माणूस तिथे हवा. तो माणूस तुम्ही व्हा.

तुमच्यातले काही जण मुंबई-दिल्लीच्या मोठ्या कार्यालयांत जातील. जरूर जा. पण महिन्यातला एक दिवस तालुक्याच्या विधी सेवा समितीला द्या. फुकटचा वकील म्हणून तिथे अर्धवट तयारीने जाऊ नका. लाखाची फी देणाऱ्या अशिलाइतकीच तयारी करून जा. समोरच्याला त्याच्या भाषेत, वऱ्हाडीत, झाडीबोलीत, गोंडीत सांगता येईल असं काहीतरी शिका. आणि तडजोडीचा कागद पुढे आला, की थांबा. सर्वांत गप्प बसलेल्या माणसाला बाजूला न्या. त्याचा हक्क काय आहे ते सांगा, आणि मग विचारा, “तुम्ही नाही म्हटलं तरी चालेल. आता बोला, काय करायचं?”

त्या बाईला हा प्रश्न व्हरांड्यात, सगळं संपल्यावर, स्वतःच विचारावा लागला. तुमच्या अशिलाला तो तुम्ही विचारा, सही होण्याआधी.